आषाढात सोडलेली गोळी

“यंदा काय सोडतीस?” आत्याबाईंनी विचारलं.

आषाढी एकादशीची सकाळ होती. आत्याबाई देवापुढं पाटावर बसल्या होत्या, हातात पळी, समोर ताम्हन. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. देव झोपतात तिथपासून देव उठेपर्यंत, चातुर्मासाचे चार महिने, घरातल्या प्रत्येकानं एक वस्तू सोडायची हा त्यांचा कायदा. माझ्या नवऱ्यानं, दिगंबरनं, चाकणहून फोनवरच “वांगं” असं सांगून सुटका करून घेतली होती. तो तिकडं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काय खातो ते बघायला कोण जातंय! आत्याबाईंनी स्वतः दोडका सोडला होता, दरवर्षीसारखा.

“सोडलं,” मी म्हणाले.

“काय?”

“मनातल्या मनात सोडलंय. सांगायचं नाही.”

त्यांनी भुवया वर केल्या. पण गुप्त नेमाचं पुण्य जास्त, असं त्यांचंच म्हणणं होतं, त्यामुळं पुढं विचारता येईना. माझ्या हातावर पळीभर पाणी घालत त्या म्हणाल्या, “मोडायचा न्हाई हां, वैजयंता. अर्ध्यात मोडलेला नेम अंगावर येतो.”

मी ताम्हनात पाणी सोडलं आणि उठले.

मी सोडली होती ती गोळी. अकरा वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी घेत होते ती, पांढरी, लांबट. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी सहा महिने कॉटवरून उठले नव्हते. कारण विचारू नका. डॉक्टरांनी विचारलं, दिगंबरनं विचारलं, मी स्वतः पुष्कळ शोधलं, काही सापडलं नाही. शेवटी दिगंबर मला “कंबरेच्या उपचाराला” म्हणून डॉक्टर मेहेंदळेबाईंकडं घेऊन गेला. त्या मनाच्या डॉक्टर. गोळी लागू पडली, मी उठले, जेवायला लागले, भांडायलाही लागले. घरात मात्र ती गोळी कॅल्शियमची म्हणूनच राहिली. कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून फडताळात ठेवायची, म्हणजे प्रश्न नाही.

आता ही गोळी इतक्या वर्षांनी का सोडावीशी वाटली? तर त्याला माझी गाडी कारण झाली. मी शाळेची व्हॅन चालवते. तेव्हा चार वर्षं झाली होती चालवायला लागून. अकरा मुलं होती. गाडीत एक बाईमाणूस मदतनीस पाहिजे असा शाळेचा नियम, म्हणून आत्याबाई मागं बसायच्या. मुलांना चढवायचं, उतरवायचं, कुणाचा डबा राहिला, कुणाची बाटली सांडली, सगळं त्यांच्याकडं. मुलांच्या त्या आजी. सून स्टेअरिंगवर आणि सासू मागच्या सीटवर, असं दुसरं घर साताऱ्यात तरी मला माहीत नाही.

त्या जूनमध्ये शाळेत पालकांची सभा झाली. एका वडिलांनी कुठल्याशा दुसऱ्याच ड्रायव्हरचा विषय काढला. “तो म्हणे डोक्याच्या गोळ्या खातो. असल्यांच्या हातात पोरं द्यायची का आपली?” सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली.

घरी आले ती स्वतःच्या त्या हललेल्या मानेवर चिडूनच. त्या दिवसापासून गोळी घशाखाली उतरेना. मला बरं होऊन दहा वर्षं झाली होती, मग अजून कशाला हे? डॉक्टरांना विचारायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण विचारलं की त्या “सावकाश बघू” म्हणणार, आणि मला सावकाश नको होतं. नेम घेतला की प्रश्नच मिटला. देवाला शब्द दिला, आता मागं फिरणं नाही. कार्तिकात मी गोळी न घेणारी बाई असणार होते आणि अकरा मुलांच्या आईबापांपुढं ताठ मानेनं उभी राहणार होते.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. मी खूश. इतकं सोपं होतं तर अकरा वर्षं उगाच घालवली, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पायरी उतरताना जमीन जरा उशिरा लागली. चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली आणि घाम यायला लागला. पाचव्या दिवशी ते दुसरं सुरू झालं. डोळे डावीकडून उजवीकडं फिरवले की डोक्यात झटका बसायचा. ओल्या हातानं स्विच लावताना बसतो तसा, पण आत, कानाच्या मागं. मान वळवली की झटका. कुणी हाक मारली, वर बघितलं, की झटका. आणि प्रत्येक झटक्याबरोबर मधला एखादा क्षण कुणी कापून नेल्यासारखा नाहीसा व्हायचा.

बसवत नव्हतं. बसले की उठावंसं वाटे, उठले की बाहेर जावंसं वाटे, बाहेर गेले की घरात गॅस चालू राहिलाय असं वाटे. गाडी एका दिवसात तीनदा धुतली. डाळीला फोडणी दिली आणि एकाएकी रडायला आलं, मोहरी जळेपर्यंत रडले. स्वप्नं तर इतकी ठसठशीत पडत, की सकाळी उठून मी आत्याबाईंना विचारलं, “तुमचा भाऊ गेला का परत?” भाऊ आलाच नव्हता.

“तुला काय होतंय गं?” त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

“काही नाही. नेम बाधतोय.”

त्यांनी मान हलवली. पहिले आठ-पंधरा दिवस नेम छळतोच, हे त्यांचं नेहमीचं. चहा सोडलेल्या बायकांचं डोकं दुखतं, तसं. मीही तेच धरून बसले. देव परीक्षा बघतोय, आणि मला पास व्हायचंय. कॅल्शियमची डबी समोर फडताळात होती. एक गोळी, एक घोट पाणी, आणि सगळं थांबलं असतं, हे मला आतून कळत होतं. पण हात पुढं केला की आत्याबाईंचं वाक्य आठवायचं, अर्ध्यात मोडलेला नेम अंगावर येतो. आठव्या दिवशी मल्हार नावाच्या पहिलीतल्या मुलानं गाडीत शिट्टी वाजवली, तर मी मागं वळून अशी ओरडले, की तो बिचारा शिट्टी तोंडात धरून तसाच बसला. कुणी हसलं नाही. आरशात मला आत्याबाईंचा चेहरा दिसला. त्याही हसत नव्हत्या.

नववा दिवस. सकाळची फेरी होती, अकरा मुलं गाडीत, शाळा दीड किलोमीटरवर. चौकात मला उजवीकडं वळायचं होतं. मी डावीकडं बघितलं, रस्ता मोकळा. उजवीकडं बघायला डोळे फिरवले आणि झटका बसला. नेहमीपेक्षा मोठा. एक क्षण गेला. तो परत आला तेव्हा गाडी वळणात होती आणि समोर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल होती.

ब्रेक कसा दाबला ते मला आजही सांगता येणार नाही. दूधवाल्यानं गाडी बाजूला घातली, घसरला, कॅन उलटले आणि रस्ताभर दूध झालं. मागून मुलांच्या किंकाळ्या. आत्याबाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं.

दूधवाला उठला. हातपाय झटकून बघितले, धड होते. मग तो खिडकीशी आला.

“ए बाई, दिसत न्हाई व्हय? पोरं घिऊन चाललीयास का मेंढरं?”

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मागं धरली.

“आत्याबाई, मी गाडी चालवणार नाही.”

“आगं, लागलंय का तुला?”

“नाही. मी चालवणार नाही. आज नाही, उद्या नाही.”

“काकू, प्रार्थना चुकेल,” मल्हार हळूच म्हणाला.

आत्याबाईंनी किल्ली घेतली. कपाळावर टेंगूळ आलं होतं, त्याला हात न लावता त्यांनी दार उघडलं. “उतरा रे समदे. एकमेकाचा हात धरा. अल्फिया, तू मोठी हायस, तू म्होरं. रस्त्याच्या कडंनं चालायचं, पळायचं न्हाई.” दूधवाल्याला त्या काहीतरी बोलल्या, तो धुसफुसत निघून गेला. मग दीड किलोमीटर त्या अकरा मुलांना चालवत घेऊन गेल्या. मी स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसले. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. गोळ्या खात होते त्या चार वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता.

तासाभरानं आत्याबाई रिक्षानं परत आल्या. नेहमी मागं बसणाऱ्या त्या, पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या.

“आता सांग. काय सोडलंयस? जेवण सोडलंयस का? उपाशी ऱ्हातीस?”

“गोळी सोडली.”

“कसली?”

“ती कॅल्शियमची डबी आहे ना फडताळात, त्यातली. ती कॅल्शियमची नाही.”

“मग?”

“मनाच्या आजाराची आहे. अकरा वर्षं घेतेय.” एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. कॉट, मेहेंदळेबाई, पालकांची सभा, माझी हललेली मान, झटके, सगळं सांगून टाकलं. 

त्या समोरच्या काचेतून बघत ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, माझ्या लेकाच्या गळ्यात वेडी बांधली.

“दिगूला ठावं हाय?”

“घेते ते माहीत आहे. सोडली ते नाही.”

“म्हंजी तू देवाला औषध सोडलंस?” त्यांचा आवाज चढला. “आगं, सोडायचं ते आवडीचं सोडत्यात! गोड सोडत्यात, च्या सोडत्यात. जिभेला वढ लागती ते सोडायचं. तुला ती गोळी आवडत हुती का?”

“नाही.”

“नकोच हुती तुला ती. लाज वाटत हुती तिची. नको ती वस्तू देवाच्या पदरात टाकलीस, आन वर त्याला नेम म्हनतीस?”

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. आणि त्या दिवसांत माझ्या जिभेला लगाम नव्हता.

“आणि तुम्ही? तुम्हाला दोडका आवडतो? बारा महिन्यांत एकदा तरी खाता का? चौदा वर्षं बघतेय, दरवर्षी दोडका! तुम्हाला जिवापाड आवडते ती एक मिशरी. सकाळी दात घासायला मिशरी, दुपारी मिशरी, मुलं उतरली की मिशरी. ती कधी सोडलीत देवासाठी?”

सासूला असं बोलल्यावर पुढं काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण आधी कधी बोललेच नव्हते. आत्याबाईंनी पदराच्या टोकानं कपाळ टिपलं.

“तू कॉटवर पडून ऱ्हायची तवा,” त्या म्हणाल्या, “मी शेवंताला सांगितलं हुतं, सून आळशी निघाली. तिला सांगितलं म्हंजी आख्ख्या आळीला सांगितलं. सा महिने सांगत हुते.”

मला ते माहीत होतं. कॉटवरून सगळं ऐकू यायचं.

“मला वाटलं, कंबरेचं निमित्त करतीया.”

“कंबरेचं निमित्तच होतं ते, आत्याबाई.”

त्या हसल्या नाहीत. “चल, त्या डॉक्टरणीकडं.”

“नेम मोडेल.”

“बीपीची गोळी मी एकादशीला घेती, ती काय उपास मोडती? औषधाला नेम लागत न्हाई. आन देवाला रागवायचंच आसंल तर माझ्यावर रागवू दे. पानी मी घातलं हुतं हातावर.” असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून मिशरीची पितळी डबी काढली आणि गाडीच्या समोरच्या कप्प्यात टाकली. “तुझा नेम मी घेतला. आजपास्नं मिशरी बंद. बास?”

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. संध्याकाळपर्यंत डबी परत कमरेला जाईल.

डॉक्टर मेहेंदळेबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. “अकरा वर्षांची गोळी एका सकाळी सोडलीत? अहो, विचारायचं तरी.”

“माझा जुना आजार परत आला का?” मी विचारलं. खरी भीती तीच होती.

“नऊ दिवसांत हे झटके, ही चक्कर, हे गोळी एकदम तोडल्याचं आहे. शरीराला तिची सवय झालीय. परत सुरू करा, चार-सहा दिवसांत बरंच शांत होईल. आणि सोडायचीच असेल तर सोडू की! मी नाही कुठं म्हणतेय? पण थोडी थोडी कमी करत. एकेका पायरीवर महिना-दोन महिने थांबायचं. शेवटच्या पायऱ्या तर आणखी सावकाश.”

“म्हंजी मिशरीवानी हाय का हे?” आत्याबाईंनी मध्येच विचारलं.

“नाही आजी, हे व्यसन नाही. व्यसनाची तल्लफ येते, माणूस ती वस्तू शोधत फिरतो. ह्या तर गोळीकडं बघत नव्हत्या. पण सवयीचं एकदम तोडलं की शरीर ओरडतं, तेवढं सारखं.”

“किती दिस लागतील?”

“वर्ष. जास्तही. आणि सोडून बरं वाटलं नाही, तर परत घ्यायची. त्यात हरल्यासारखं काही नाही.”

गाडी त्यांनी पंधरा दिवस बंद ठेवायला सांगितली. आत्याबाईंनी स्वतः अकरा घरी फोन केले, वैजयंताचं औषध बदलतंय, डॉक्टरांनी पंधरा दिवस गाडी नको सांगितलंय, तोवर दुसऱ्या व्हॅनचे इक्बालभाई येतील. काय औषध, ते कुणी विचारलं नाही. ते मी स्वतः पुढच्या जूनमधल्या सभेत उभी राहून सांगितलं. तीन मुलं कमी झाली. आठ राहिली.

गोळी परत सुरू केल्यावर आठवड्याभरात झटके थांबले. माझं थांबलं आणि आत्याबाईंचं सुरू झालं. डबी कमरेला परत गेली नव्हती. त्यांचं डोकं ठणकायचं. हात सारखा कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा. घरातल्या घरात येरझाऱ्या, भांड्यांची आदळआपट. पंधरा दिवसांनी व्हॅन सुरू झाली तरी गाडीत त्या मुलांवर खेकसायच्या आणि मग स्वतःच खिडकीबाहेर तोंड करून बसायच्या. एकदा मी म्हणाले, “आत्याबाई, घ्या थोडी. देव काही म्हणणार नाही.”

“तू गप. पुढं बघून गाडी चालव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता मात्र त्या म्हणाल्या, “वैजे, हे आसं हुत हुतं व्हय गं तुला?”

“असंच. वर झटके.”

“आन तू तसल्यात सैपाक करत हुतीस.” त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला, आणि पहिल्यांदाच कॅल्शियमच्या त्या डबीतून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. दुपारी ती डबी त्यांनी केरात टाकली. गोळीचं पाकीट तेव्हापासून उघड्यावर, देवाच्या उदबत्तीशेजारी असायचं.

या सगळ्याला आता आठ वर्षं झाली. माझी गोळी पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात सुटली. मध्ये एकदा पायरी चुकली, दोन महिने मागं जावं लागलं. पण मला त्या भाद्रपदापेक्षा नेम घेतला त्याच वर्षीची कार्तिकी द्वादशी जास्त आठवते. देव उठले होते. दिगंबर सुट्टी काढून आला होता आणि वांग्याच्या भरताकडं चार महिने न बघितल्यासारखं नाटक करत होता. आत्याबाईंनी सकाळीच दोडक्याची भाजी केली होती आणि सगळ्यांसमोर, तोंड वाकडं करत, दोन घास खाल्ले होते.

दुपारी शेवंताबाई आल्या. त्याच, शेजारच्या. पदराखाली कागदाची पुडी होती.

“ताजी भाजलीया,” त्या पुडी सोडत म्हणाल्या. “चार म्हैने काढलंस बाई, कमाल हाय तुझी. घे आता, सुटला चातुर्मास.”

मिशरीचा वास घरभर झाला. आत्याबाईंनी पुडी हातात घेतली. नाकाशी नेली. डोळे मिटले. मग कागदाच्या घड्या पुन्हा होत्या तशा घातल्या आणि पुडी परत केली.

“का गं? देव उठलं की!”

“देव उठलं. आमच्या वैजीची आजून आर्धी गोळी ऱ्हायलीया.”

“कसली गोळी?”

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. “सांगू?”

मी मान हलवली.

“बस शेवंता,” त्या म्हणाल्या आणि पाट पुढं ओढला. “मागं मी तुला सुनेचं एक सांगितलं हुतं बघ, आळशी हाय म्हनून. ते खोटं हुतं. आता खरं सांगती.”